नावाड्याचं घर

भाद्रपद लागला की मला गाळाचा वास येतो. शहाद्याला भाचीकडे राहते मी. तिचं घर कॉलनीत, तापी तिथून कितीतरी लांब. पण पाऊस उघडून दोन दिवस झाले, कापसाच्या शेतांवरून पिवळं ऊन सरकायला लागलं, की दुपारच्या झोपेत तो वास येतोच. ओला, थोडा गोड, माशांच्या खवल्यांचा आणि कापसाच्या कुजलेल्या पळाट्यांचा. भाची उठून खिडकी लावते. म्हणते, "मावशी, बाहेर गटार तुंबलीय." असेलही तसं. मी डोळे मिटूनच पडून राहते, आणि माझ्या खाटेखालून पाणी वाहायला लागतं.

एका पावसाळ्यात मी तापीच्या मधोमध राहिले होते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलाच एक तालुका. मी धुळ्याची, तेवीस वर्षांची, ग्रामसेविकेचं प्रशिक्षण संपवून विकास गटात नवी लागलेली. प्रत्येक गावाने आपल्या विकासाचा आराखडा आपणच करायचा, असं वरून आलं होतं. त्यासाठी छापील तक्ते आले होते. रस्ता, विहीर, शाळा, संडास, निर्धूर चुली, इतर. एकेका गावाला एकेक ग्रामसेवक धाडून झाला. राहिलं ते बेट.

तापी एका जागी दोन धारांत फुटते आणि कोसभर पुढे जाऊन पुन्हा एक होते. त्या दोन धारांच्या मधे ते गाव होतं. पिंपळबेट म्हणायचे त्याला. उन्हाळ्यात अलीकडची धार घोट्याएवढी. माणसं चालत यायची, गाड्या यायच्या, वाळूत टरबुजांच्या वाड्या लागायच्या. पण एकदा आषाढ बसला की दोन्ही धारा भरायच्या, आणि गाव चार महिने पाण्यात. ये-जा फक्त नावेतून, तीही नदीची मर्जी असेल तर. तिथे जाऊन राहायला कुणी तयार नव्हतं. साहेबांनी टेबलावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एकट्याच आहात ना, बाई?" म्हणजे लग्न झालेलं नाही ना, असं त्यांना विचारायचं होतं. मी हो म्हटलं.

निघताना ते म्हणाले, "खरं सांगायचं तर त्या गावाला एकच विकास आहे. काठावर येऊन राहणं. तशी त्यांची संमती मिळाली तर बघा. नाहीतर दसऱ्याला तक्ता भरून आणा."

तक्त्यांची पिशवी, फ्लॅनेलचा फळा आणि वळकटी घेऊन मी काठावर उतरले. सुका भोई नाव लावून बसला होता. पन्नाशीचा, काळा, सडपातळ, पायाची बोटं फाकलेली. मला त्याने आधी नीट न्याहाळलं, मग फळ्याला न्याहाळलं.

"हाई काय शे, बाई?"

"यावर चित्रं चिकटवून दाखवायची. गाव कसं असावं ते."

"आन् गावले इचारानं नही?" असं म्हणून तो मोठ्याने हसला आणि बांबूने नाव लोटली. त्या हसण्याचा मला थोडा राग आला होता, एवढं आठवतं.

तव्यावर भाकरी टाकताना हात चुकला की ती एका बाजूला जाड राहते, तसं होतं ते बेट. वरचं अंग उंच, पांढऱ्या मातीचं. तिथे गुजर शेतकऱ्यांची धाब्याची घरं, त्यांच्या केळीच्या बागा, कापूस. खालचं अंग पाण्याला टेकलेलं. तिथे भिल्लांच्या झोपड्या. मी मोतीभाईंच्या घरी उतरले. ते गावचे वडीलधारे, बेटावरची निम्मी जमीन त्यांची. साठीचे, उंच, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. त्यांच्या घरात आपसात त्यांची गुजरी बोली चालायची, गावाशी अहिराणी, आणि माझ्याशी ते शाळेतली मराठी बोलायचा प्रयत्न करायचे, तो दोन वाक्यांत संपायचा. त्यांची बायको रेवामाय. सगळं गाव त्यांना माय म्हणे. लहानशी, वाळक्या खारकेसारखी बाई, सतत हात चालू. मला त्यांनी पश्चिमेकडची एक खोली दिली. खोलीतल्या कोनाड्यात काचेच्या हिरव्या बांगड्यांची चळत होती. कुणाच्या, ते मी विचारलं नाही. रेवामाय रोज सकाळी खोली झाडायला यायच्या आणि बांगड्यांवरची धूळ पुसून जायच्या.

ते दिवस आठवतात ते सलग आठवत नाहीत. एखादी दुपार आठवते, धाब्यावर पाऊस पडतोय आणि मातीचं छत त्याचा आवाज गिळून टाकतंय, फक्त नदीचा हुंकार खाटेच्या पायांतून चढत अंगात येतोय. केळीच्या पानांवरून एक बेडूक घसरतोय. चुलीजवळ ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आणि रेवामायचा हात वाढत वाढत पुढे आलेला. चारी बाजूंनी पाणी असलं की दिशांना काही अर्थ उरत नाही. सकाळ एका पाण्यातून वर यायची आणि संध्याकाळ दुसऱ्या पाण्यात उतरायची. मधला दिवस आमचा, बेटाचा. मला कधी कधी वाटायचं, आपण थांबलेलो नाही, हे बेटच हळूहळू सुरतेकडे निघालंय, आणि काठावरच्या लोकांना ते सांगायचं राहून गेलंय.

काम मात्र पुढे सरकत नव्हतं. पुरुषांची सभा मारुतीच्या ओट्यावर झाली. मी तक्ता उघडला आणि विचारलं, गावाला काय हवं?

"लिखा बाई, पूल," मोतीभाई म्हणाले.

"आणखी?"

"पूल व्हयना म्हंजे बाकी समदं चालत येई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काठावर जाऊन राहायचं मी चाचरत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्यावरून नजर काढून नदीकडे नेली, आणि मी तो संमतीचा कागद पिशवीत परत ठेवला. बायकांची सभा मी वेगळी घेतली. त्या मुलंबाळं घेऊन आल्या, फळ्यावरची चित्रं कौतुकाने पाहिली, चित्रातली चूल कुणाला आवडली, कुणाला चित्रातलं बाळ. काय हवं विचारलं की एकमेकींकडे पाहायच्या. "समदं बेस शे, बाई." हेच उत्तर तीनदा मिळालं. मग मी विचारणंच सोडलं आणि त्यांच्याबरोबर शेंगा सोलायला बसू लागले.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, मळवट. मोतीभाईंच्या घरी सव्वा मण गव्हाचे रोट, पुरणाची भांडी, गंगाफळाची भाजी. कुटुंबातली दूर गेलेली माणसंही नाव करून आली होती. सोमवारी सकाळी कानबाईला पोचवायला सगळं बेट नदीवर निघालं. ऊन पडलं होतं. डोक्यावर पाट घेतलेल्या बायका, फुगड्या, गुलालाने लाल झालेला चिखल. खालच्या अंगाच्या भिल्ल बायकाही कडेला येऊन उभ्या होत्या. त्यांत गोमी होती. मोतीभाईंच्या शेतात ती कामाला यायची; तिला सातवा महिना लागला होता आणि माझ्या वहीत तिचं नाव होतं.

कानबाई पाण्यात सोडली. सगळ्यांनी हात जोडले. आणि रेवामाय हात जोडलेल्याच राहिल्या. त्या कानबाईकडे पाहत नव्हत्या. समोर, पलीकडच्या काठावर, भोयांच्या वस्तीखाली सुकाची नाव बांधलेली होती. इथून ती चिंचोक्याएवढी दिसत होती.

"बाई," त्या मला म्हणाल्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "तुम्ही इचारत व्हत्या ना, काय पाहिजे? ती नाव पाहा. रोज दिन बुडना का ती तठे जास. ती आठे बांधेल पाहिजे."

त्यांनी पायाजवळचा काठ बोटाने दाखवला.

"आम्हनी जमनाले कळा लागन्यात तव्हय दिन बुडी गयथा. आम्ही कितल्या हाका मार्‍यात. वारा उलटा व्हता. पोरगी खाटवरथून तिकडेच पाही ऱ्हायनी व्हती. सकाळले नाव उनी, तव्हय जमना नव्हती."

जमना त्यांची सून. मागच्याच श्रावणातली गोष्ट. ती पश्चिमेची खोली तिची होती, आणि त्या बांगड्या तिच्या. मला त्या घरात कुणी हे सांगितलं नव्हतं. मोतीभाई गुडघाभर पाण्यात उभे होते. ते वळले, काठावर आले आणि कुणाकडे न पाहता घराकडे चालू लागले.

ते दिसेनासे झाले आणि मग बायका बोलायला लागल्या. महिनाभर गप्प बसलेल्या सगळ्या एकदम. कुणाचं पोर साप चावून, कुणाची सासू, कुणाची बहीण. प्रत्येकीच्या गोष्टीत ती नाव पलीकडेच होती. सुका वाईट नव्हता. त्याचं घर तिकडे होतं, माणूस संध्याकाळी आपल्या घरी जाणारच. शेवटी गोमी बोलली. घरात भिली बोलणारी ती, गुजरांसमोर तिची अहिराणी अडखळायची. "नाव आठे पाहिजे, तर नावाडी बी आठे पाहिजे," ती म्हणाली. "त्याले घर द्या."

इतकं सोपं होतं ते. पूल नको, रस्ता नको. एका माणसाचं घर. मी धावत घरी आले आणि तक्त्यातल्या 'इतर' या रकान्यात लिहिलं, नावाड्यासाठी बेटावर घर. खालच्या अंगाला पाणी चढायचं, तेव्हा घर वरच हवं होतं. आणि वर मोकळी जागा एकच, मोतीभाईंच्या खळ्याच्या कडेची. संध्याकाळी ते ओसरीवर बसले असताना मी विषय काढला.

"ते खळं शे," ते म्हणाले.

"खळ्याच्या बाजूची पट्टी, भाई."

"पूल येई तव्हय नावाड्यानं काय काम?" ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "आन् घरनी गोष्ट कागदवर लिखानी नही."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला वाढलं जायचं, कंदिलात तेल असायचं, पण घरातलं बोलणं मी आले की थांबायचं. मला वाटलं, आता आपल्याला परत धाडतील. तरीही मनातून मी खूश होते. आपल्याला गावाची खरी गरज सापडली, असं वाटत होतं. दोन दिवसांनी काठावर टपाल द्यायला निघाले, तेव्हा नावेतच सुकाला ही बातमी सांगितली. कौतुकाची अपेक्षा होती.

तो वल्हं मारायचा थांबला. नाव प्रवाहात थोडी तिरकी झाली.

"मन्हं घर? आठे?"

"हो. वरच्या अंगाला."

"बाई, मी दिनभर पानीवर ऱ्हास. झोपाले तरी माले असी जमीन पाहिजे का जिन्ही दुसरी बाजू दिसावाले नको." मग म्हणाला, "आन् बायजाले कोन सांगी?"

बायजा त्याची बायको. काठावर वाळत घातलेल्या जाळ्याखाली ती मासे निवडत बसली होती. भरदार, कपाळावर गोंदण, आवाज असा की पलीकडच्या धारेपर्यंत जावा. सुकाने तिला सांगितलं. तिने मासे खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले, आणि मला विचारलं, "माले कोनी इचारं?"

मी काही म्हणायच्या आत तीच पुढे बोलली.

"मन्ही माय त्या घरमा शे. भाऊ त्या घरमा. मी सांजले कोनासंगे बोलसू? तुम्हना पानीसंगे?"

परतताना मी नावेत मान खाली घालून बसले होते. पहिल्या दिवशी सुका का हसला, ते आता कळत होतं. महिनाभर मी सगळ्यांना विचारत फिरले होते, आणि ज्या दोन माणसांच्या जगण्यावर तो सगळा आराखडा उभा होता, त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पुढे नोकरीत मी अनेक आराखडे केले, कितीतरी गावांचे. तक्ता भरून झाला की बायजाचा तो प्रश्न मी स्वतःला विचारायची. दर वेळी उत्तर बरं यायचंच असं नाही.

भाद्रपदात पूर आला. तीन दिवस सातपुड्यावर ढग उभे होते, आमच्याकडे मात्र थेंब नव्हता; ऊन होतं, फुलपाखरं होती. आणि भर दुपारी नदीचा रंग बदलला. आधी ती चहासारखी झाली, मग विटेसारखी. आवाज वाढला नाही, उलट कमी झाला, जाड झाला. खालच्या अंगाच्या बायका कोंबड्या काखेत घेऊन वर येऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत झोपड्यांचे शेंडे तेवढे दिसत होते, आणि सगळं बेट मोतीभाईंच्या खळ्यावर जमलं होतं. शेळ्या, पोरं, मडकी, एक शिवण्याचं मशीन, कुणाचा तरी आजारी म्हातारा.

दुसऱ्या दिवशीही पाणी हटलं नाही. मला तो दिवस एखाद्या सुट्टीसारखा आठवतो, हे सांगायला लाज वाटते, पण आठवतो तसाच. कुणाला कुठे जायचं नव्हतं. मोठ्या कढईत खिचडी शिजत होती. गुजरांच्या आणि भिल्लांच्या पोरांनी एकच खेळ मांडला होता. ढगांतून ऊन यायचं आणि चहूकडचं लाल पाणी चमकायचं, आणि आम्ही सगळे जणू एका ताटात वाढून ठेवलेले. मोतीभाई माणसांमधून फिरत होते. आजारी म्हाताऱ्यावर त्यांनी आपलं घोंगडं टाकलं. गोमी ओल्या भिंतीला टेकून बसली होती. तिला त्यांनी हाताने खूण करून ओसरीवर बसवलं.

दुपारी कुणीतरी पलीकडे बोट दाखवलं. काठावर एक लाल ठिपका होता. बायजाचं लुगडं. तिच्या शेजारी सुका. अशा पाण्यात नाव घालणं शक्यच नव्हतं. ती दोघं नुसती उभी होती. आमच्याकडे पाहत. तासाभराने पाऊस आला, आम्ही आडोशाला गेलो, परत बाहेर आलो. तो लाल ठिपका तिथेच. रेवामायनी हात वर केला. ठिपक्यातूनही काहीतरी वर झालं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि पहिल्या नावेतून बायजा आली. एवढ्या वर्षांत ती बेटावर कधी चढली नव्हती. डोक्यावर भाकरींची टोपली, भोयांच्या साऱ्या वस्तीने थापलेल्या. ती गाळातून वर आली, खळ्यावर आली, टोपली रेवामायपुढे ठेवली. मग कमरेवर हात ठेवून चौफेर पाहिलं. चिखल, शेळ्या, पोरं. आणि मग आपल्या काठाकडे वळून म्हणाली, "अरे, आठेन मन्ही मायनं घर दिसस."

रेवामायनी तिच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर बायजाने तोंड पुसलं आणि जणू कुणीतरी विचारलंच होतं अशा सुरात म्हणाली, "चार महिना ऱ्हासू. पानी उतरनं का चालनी मी. आन् जागा मन्हा धनीना नाववर पाहिजे. फुकटनी वस्ती नको."

सगळ्यांच्या नजरा मोतीभाईंकडे गेल्या. ते खळ्याच्या कडेला काठी टेकून उभे होते. ते चालत पट्टीच्या टोकाशी गेले, काठीने ओल्या मातीत एक लांब रेघ ओढली, मग आडवी एक. मग थांबले आणि बायजाकडे पाहिलं.

"दार कोनीकडे पाहिजे तुले?"

बायजाने काठाकडे हात केला. त्यांनी त्या बाजूला रेघेत एक जागा मोकळी सोडली.

पाणी थोडं निवळल्यावर मी तक्ता घेऊन तालुक्याच्या गावी गेले. दसऱ्याला अजून अवकाश होता, पण मला दम निघत नव्हता. साहेबांनी सगळा वाचला. माणूस कोरडा नव्हता. पुराची चौकशी केली, माझी तब्येत विचारली. पण 'इतर'शी आल्यावर लाल पेन्सिल उचलली. "नावाड्याचं घर हा विकास कसा होईल, बाई? हे कुठल्या शीर्षाखाली घालू?" त्यांनी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: पूल, वरिष्ठांकडे विचारार्थ. एक निर्धूर चूल आणि एक रेडिओ मंजूर केला.

मी बेटावर परतले ती रडकुंडीला येऊन. मोतीभाईंना काय सांगायचं, हे नावेत घोकत आले होते. वर पाहते तर खळ्याच्या कडेला कुडाच्या तीन भिंती उभ्या. पुरुष चिखल तुडवत होते, गोमीची सासू तुरीच्या काठ्या बांधत होती, पोरं शेण आणत होती. मोतीभाईंनी आपल्या गोठ्याचे दोन सागवानी वासे काढून दिले होते. मी त्यांना खोडलेली ओळ दाखवली. त्यांनी ती लांब धरून पाहिली, वाचता येत होतं त्यांना, आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"कागद त्यास्ना," ते म्हणाले. "माती आपली. चाला, हात लावा."

कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते. मी पदर खोचला आणि चिखलात उतरले.

आश्विन लागला होता. पाणी निळं होऊ लागलं होतं. संध्याकाळी पोरी गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायच्या, आणि आता एक घर वाढलं होतं. बायजा दारात बसून त्यांच्याशी भांडायची, त्यांनी खाऊ ओळखल्याशिवाय द्यायची नाही. दळायला ती रेवामायकडे यायची; चार महिन्यांसाठी जातं कोण हलवतं, म्हणायची. तिचा आवाज इकडून तिच्या आईला ऐकू जायचा आणि तिकडून उत्तर यायचं. नदीच्या रुंदीवर मायलेकींचं बोलणं चालायचं, भाजी काय केली आणि जाळं कुठे फाटलं. त्या आवाजांत मला झोप फार छान लागायची.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी गोमीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवधी होता. मी हात लावून पाहिला. मूल आडवं होतं. मला शिकवलं होतं की अशा वेळी आपण काही करायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. बाहेर आले तर ऊन तांबूस झालेलं. पूर्वी रोज याच वेळी नाव पलीकडे निघून जायची. मी उतारावरून पळत सुटले, आणि नाव तिथे होती. बाभळीच्या बुंध्याला बांधलेली. सुका दोर सोडतच होता. बायजाने वरून पाहून त्याला आधीच ओरडून सांगितलं होतं.

गोमीला खाटेसकट आणलं. नाव लोटायला चार हात पुढे आले, त्यांत मोतीभाई होते. कमरेएवढ्या पाण्यात ते नावेबरोबर चालत आले, जिथवर पाय टेकत होते तिथवर. आम्ही पुढे गेलो. मी मागे वळून पाहिलं तर ते तिथेच उभे होते, पाण्यात, मावळत्या उजेडात, धोतर अंगाभोवती तरंगत होतं.

काठावर बैलगाडी मिळाली, दवाखाना मिळाला. सकाळी सुका मला परत घेऊन आला तेव्हा पाण्यावर धुकं होतं, आणि धुक्यात मोतीभाई घाटाच्या दगडावर बसलेले. मीच सांगितलं, "दोघी सुखरूप आहेत, भाई. मुलगी झाली."

त्यांनी मान हलवली. काठी उचलली, उठले, दोन पावलं चालले. मग माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले, "जमनाले बी पोरगीच व्हती."

वर्षभरात तिचं नाव त्यांनी घेतलेलं पहिल्यांदाच कुणी ऐकलं. सुकाने नाव बांधता बांधता हात थांबवले. मोतीभाई शेताकडे निघून गेले.

आज त्या बेटावर कुणी राहत नाही. पूल काही आला नाही. त्या दशकाच्या शेवटी याहून मोठा पूर आला आणि मग एकेक घर आपणहून काठावर सरकलं. साहेबांना हवं होतं तेच झालं म्हणायचं. तोवर मी तळोद्याला बदलून गेले होते, डोंगरातल्या गावांमधून हिंडत होते. पण त्यांच्या सोडण्यात आणि आम्ही सोडायला सांगण्यात काय फरक आहे, ते मला ठाऊक आहे. मधे त्यांना आठ-नऊ पावसाळे मिळाले, आणि त्या पावसाळ्यांत दिवस बुडाल्यावरही नाव हाताशी होती.

मला मात्र ते सगळं आठवतं ते कार्तिकातल्या एका दिवसावर येऊन थांबतं. अलीकडची धार उतरून चालता येईल एवढी झाली होती. वाळू उघडी पडली होती, ओली, चंदेरी. माझंही सामान बांधून झालं होतं. सकाळी बायजा घराला कडी लावून निघाली. बोलीप्रमाणे, पाणी उतरताच तिचा मुक्काम संपला होता. कुणी तिला थांब म्हटलं नाही. रेवामाय दारापर्यंत आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पाणी उडवत, ती आपल्या आईच्या घराकडे गेली. सुका काही वेळाने तिच्या मागे गेला. त्या दिवशी खळ्यावर सगळे आपापली कामं करत होते आणि कुणाचंच कामात लक्ष नव्हतं.

दुपार कलली. मी जायची वेळ पुढे पुढे ढकलत होते. आणि मग वाळूवरून दोन माणसं येताना दिसली. पुढे बायजा, हात मोकळे, मोठमोठ्याने काहीतरी सांगत. मागे सुका, मान ताठ, पाय जपून टाकत, घामाने निथळत. त्याच्या डोक्यावर चुंबळ होती, आणि चुंबळीवर दगडी जातं.